आसूढाळ

"बापाचं तोंड पाह्यल्याबिगर मी घोडी पुढं करत नसतो, मॅडम. मंग तुमी काई बी म्हना."

एवढं बोलून भीमराजने हरणीचा कासरा हाताला गुंडाळला आणि गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. जनावरांच्या डॉक्टर मिताली मॅडम पुसदहून चैत्राच्या उन्हात धुरळा खात आल्या होत्या. सोबत एक निळी टाकी होती. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर पडून जमिनीकडे उतरायची आणि ती वाफ बघायला अर्धी वस्ती जमली होती. बायांनी कामं टाकली होती, म्हातारे बाजा ओढून सावलीला बसले होते. फुकटचा तमाशा गावाला कधी नको असतो?

"काका, बाप तिकडे राजस्थानात उभा आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याला इथे कशी आणू? त्याचं बीज या टाकीत गोठवून आणलंय. नळीनं सोडायचं, की झालं."

"तेच तं म्हनून राह्यलो मी. या हिरासिंगभाऊचा घोडा आनला तं मी त्याच्या आंगावरून हात फिरोतो. दात पाहतो, खुरं पाहतो, भोवरे पाहतो. आता या नळीतल्याचे भोवरे कुठी पाहू?"

लोक खो खो हसले. नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा हिरासिंगही हसला. पंचक्रोशीत वळू घोडा होता तो त्याचाच, आणि इथल्या सगळ्या घोड्या त्याच्याकडेच जायच्या. पण मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. एकाच घोड्याची लेकरं, त्याचीच नातवंडं, असं होत होत या भागातली घोडी बुटकी आणि पायांनी अधू निघायला लागली होती. वरातीत नवरदेव बसला की त्याचे पाय जमिनीला टेकतात की काय, अशी चेष्टा पोरं करायची.

"करू द्या, भीमराजभाऊ," हिरासिंग म्हणाला. "माहा घोडा आता म्हातारा झाला. मले बी पाहू द्या हे नवं."

मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. पांढराशुभ्र, मान उंच केलेला, खांबासारख्या सरळ पायांचा घोडा होता. भीमराजने फोटो बोटांनी मोठा केला, कपाळ पाहिलं, गळा पाहिला, आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "उजवी बाजू दिसून राह्यली. डावी कुठी हाय?"

तेव्हा कांताबाईचा धीर सुटला. मघापासून ती पदर खोचून उभी होती. ती पुढे झाली आणि तिने नवऱ्याच्या हातून कासरा ओढून घेतला.

"आता काय त्याले फोटूतून भायेर काढून फिरोता का? मॅडम उनातून आल्या, तेयले पानी इचारलं का कोनं? सरका."

आणि हरणीचं तोंड तिने आपल्या छातीशी धरलं. कांताबाईने तोंड धरलं की कुठलंही जनावर हलत नसे. मारका बैल असो, नवी व्यालेली म्हैस असो, तिच्या हाताखाली गुमान उभी राहायची. लोक तिला त्यासाठी बोलावून न्यायचे. तिला स्वतःला त्यात विशेष काही वाटत नसे, पण कोणी तसं बोललं की ती मनातून सुखावायची. हरणी उभी राहिली, मॅडमनी काम उरकलं, टाकीचं झाकण लागलं. तमाशा बघायला फुलसावंगीहून आलेला सदाशिव जाता जाता म्हणाला, "तुमचं शिंगरू पाहतो बाप्पा पयलं. चांगलं निंघालं तं माह्या साऱ्या घोड्या या टाकीवर आनतो." सदाशिव शौकीन माणूस होता. त्याच्या दारात घोड्या होत्या आणि त्याच्या शब्दावर बाकीचे घोडेवाले चालायचे. मॅडमचा चेहरा ते ऐकून फुलला.

भीमराजच्या घरी घोडी आली ती त्याच्या बापाच्या वेळेला. तेव्हा या वस्तीतल्या नवरदेवाला कोणी घोडी देत नसे. वरात पायी निघायची, तीही मागच्या गल्लीनं. भीमराजच्या बापाने एक दिवस महागावच्या बाजारातून स्वतःच घोडी आणली आणि सांगितलं की आता आपली पोरं घोडीवर बसतील आणि वेशीतून जातील. तशी ती गेलीही. पुढे दिवस असे फिरले की ज्यांनी घोडी नाकारली होती त्यांच्याच घरची बोलावणी यायला लागली, कारण तशी नाचणारी घोडी दुसरीकडे नव्हती. हरणी त्या घोडीची नात. ही गोष्ट भीमराज विहारात, पारावर, चहाच्या टपरीवर सांगायचा आणि सांगताना दर वेळी त्याचा आवाज चढायचा.

अंगारे-धुपारे त्याने कधी घरात येऊ दिले नाहीत. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्याला तो भर रस्त्यात झापायचा. पण घोड्याच्या भोवऱ्याचं त्याला काही करता येत नव्हतं. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. कुठला शुभ, कुठला अशुभ, हे त्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. "मी नाई मानत," तो म्हणायचा, "पन गिऱ्हाईक मानते ना." आता गिऱ्हाईक किती मानतं आणि आपण किती, याचा हिशेब त्याने कधी स्वतःशी केला नव्हता.

फाल्गुनात हरणी व्याली. शिंगरू काळपट निघालं आणि भीमराजचं तोंड उतरलं, तर मॅडम फोनवर हसून म्हणाल्या, "काका, धीर धरा. पांढऱ्या घोड्याचं शिंगरू असंच काळं जन्मतं, मग पांढरं पडत जातं." मादी होती. पाय असे लांब, की उभं राहताना तिचे तिलाच आवरेनात. शेजारच्या रंजिताने रात्रभर कांताबाईबरोबर गोठ्यात बसून सारं केलं होतं. शिंगराच्या अंगावरून हात फिरवत ती म्हणाली, "रेशमावानी लागते व." तेच नाव पडलं. रेशमा.

तिसऱ्या दिवशी हिरासिंग गुळाची भेली घेऊन आला. मोठ्या मनाचा माणूस. त्याने शिंगराचे पाय पाहिले, छाती पाहिली, आणि मनापासून मान डोलावली.

"याडी! माय व! अशी हाडं मीनं आपल्याकडं पाह्यली नाई, भीमराजभाऊ. कांताबाई, जरा तोंड उजेडाकडं कर बरं तिचं."

कांताबाईने शिंगराचं तोंड वळवलं. हिरासिंगने अंगठा डाव्या डोळ्याखाली ठेवला, केस एकदा वर केले, एकदा खाली केले, आणि हात काढून घेतला.

"काय झालं?" भीमराजने विचारलं.

"आसूढाळ," हिरासिंग हळूच म्हणाला. "डोयातून आसू ढळते त्या वाटेवरच भोवरा हाय. लहान हाय, पन हाय."

"मंग?"

"तुले मी काय सांगू? ज्याच्या दारी बांधलं त्याच्या घरी रडनं, अन् जो नवरदेव बसला त्याच्या घरी रडनं, असं आमच्यात म्हनते. बापाचं तोंड पाह्यलं असतं तं कदाचित..." तो अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

"केस हायेत ते, हिरासिंगभाऊ! नुसते केस!" भीमराज त्याच्या पाठीमागे ओरडून हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई शेण काढायला गोठ्यात गेली, तर तो तळहात ओला करून शिंगराच्या डोळ्याखालचे केस खाली दाबत बसला होता. तिला पाहून त्याने हात धोतराला पुसला आणि विनाकारण हरणीवर खेकसला.

रेशमा वाढली ती मॅडमनी सांगितल्याबरहुकूम. काळी होती ती राखी झाली, राखीची पांढरी व्हायला लागली. उंची तर अशी, की दोन वर्षांची झाली तेव्हाच आईच्या वर गेली. डफडं वाजलं की तिचे कान ताठ व्हायचे आणि पाय आपोआप ताल धरायचे. भीमराजने तिला नाचायला शिकवलं असं म्हणायचं, पण खरं तर शिकवावं लागलंच नाही. कांताबाईच्या मागे ती कुत्र्यासारखी फिरायची. चुलीपाशी येऊन भाकरी मागायची. राजदीप, कांताबाईचा मुलगा, पुण्याला कंपनीत होता. तो फोनवर म्हणायचा, "आई, तू माह्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतं."

हरणीचा गुडघा मात्र धरला होता. वरातीत ती पाय उचलताना कण्हायची, आणि आता रेशमाच पुढे जायला हवी हे आंधळ्यालाही दिसत होतं. सदाशिवच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तो जावयासाठी घोडी बघायला आला. रेशमाभोवती दोनदा फिरला. तिला चालवून पाहिलं, पळवून पाहिलं.

"काय जनावर हाय राजा! मॅडमनं खरंच काम केलं."

आणि मग तो वाकला, डाव्या डोळ्याखाली पाहिलं, आणि रुमालाला हात पुसले. "पाहू," म्हणाला. "सांगतो." त्याने सांगितलं नाही. लग्नाला घोडी पार नांदेडकडून आणली म्हणे, आणि त्याच्या घोड्याही मॅडमच्या टाकीवर गेल्या नाहीत. मग दुसरा आला, तिसरा आला. सगळ्यांचे डोळे आधी तिथेच जायचे. बाजारात बोललं जाऊ लागलं की नळीतलं शिंगरू, बाप न पाहता केलेलं, दुसरं काय होणार. मॅडमची गाडी गावोगाव फिरायची आणि तशीच परत जायची.

भीमराज हे सगळं गिळत होता. त्याला एकच आशा होती, आपली वस्ती. पौषात रंजिताच्या नयनचं लग्न जमलं, वैशाखातली तारीख निघाली. नयन याच अंगणात वाढलेला. रेशमा जन्मली तेव्हा त्याची आई रात्रभर जागली होती. विहारात सगळ्यांच्या आधी येऊन बसणारी ती बाई होती.

रंजिता घोडीचं सांगायला आली, ती उंबऱ्याच्या आत आली नाही. कांताबाईच बाहेर आली.

"कांता, घोडी लागन व नयनले. हरणीच दे."

"हरणी? ते लंगडून राह्यली ना. रेशमा हाय ना, रंजिता. पयली वरात नयनचीच करू म्हनून आमी..."

"हरणीच बरी," रंजिता जमिनीकडे बघत म्हणाली. "हळूहळू जाईन ना. काई घाई हाय का?"

"तू बी तेच पाहतं का? विहारात तूच बोलतं ना, केसानं कोनाचं वाटोळं होत नाई म्हनून?"

"बोलतो. अन् मी मानत बी नाई. पन एकुलतं एक पोट्टं हाय व माह्यं. उद्या काई झालं तं मीच म्हनीन ना, काहून बसोलं याच्यावर? तू आई हायेस. तुले समजत नाई का?"

कांताबाईला समजत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. रंजिता गेली. आत बाजेवर पडलेल्या भीमराजने सगळं ऐकलं होतं. तो छताकडे बघत राहिला. ज्या वस्तीतल्या पोरांना घोडीवर बसता यावं म्हणून त्याच्या बापाने घोडी आणली, त्या वस्तीने त्याच्या दारची नवी घोडी नाकारली होती.

दुसऱ्या दिवशी महागावचा बाजार होता. वस्ती रिकामी झाली. दुपारी भीमराज चुलीपुढे उकिडवा बसून फुकणीने जाळ करत होता. चुलीत एक सळई घातलेली होती.

"हे काय करून राह्यले?" कांताबाईने विचारलं.

"भोवरा काढतो."

"काय?"

"डाग देतो. बाजारात व्यापारी देतेच. एकदा डाग दिला की तिथं केस येत नाई. केस नाई तं भोवरा नाई. वैशाखापर्यंत भरून निंघन. मंग पाहतो कोन नाई म्हनते ते."

"डोयाजवय हाय ते! मुक्या जनावराले..."

"मी का आंधया हावो? लंगडलेल्या बैलाले डागतो तवा नाई तुले दया येत? नखाएवढा डाग हाय. तू फक्त तोंड धर. तुह्याजवय ते हालत नाई."

कांताबाई नाही म्हणू शकली असती. पुढे तिने स्वतःला हे हजारदा सांगितलं. ती नाही म्हणाली असती, तर भीमराजने एकट्याने ते केलं नसतं. रेशमा त्याच्यापाशी उभीच राहिली नसती. पण त्या घटकेला तिच्याही डोळ्यांपुढे नयनची वरात होती. वेशीतून रेशमा नाचत चालली आहे आणि रंजिता खाली मान घालून बाजूला उभी आहे, असं तिला दिसत होतं, आणि ते तिला हवं होतं. ती गोठ्यात गेली आणि "ये बाई" म्हणाली. रेशमा आली. भाकरी मिळेल म्हणून तिने तोंड कांताबाईच्या काखेत घातलं. कांताबाईने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

सळई टेकली आणि रेशमाने मान वर झटकली. मागे झटकली असती तर डोळा वाचला असता. पण कांताबाईच्या घट्ट मिठीतून मागे निघता येईना, म्हणून मान वर गेली, सळईवरच गेली.

ती कशी ओरडली, ते कांताबाईला सांगता येत नाही. केस जळाल्याचा वास तेवढा तिच्या नाकातून पुढे महिनोन्महिने गेला नाही.

संध्याकाळी मॅडम आल्या. बाजारातून परतलेली माणसं गोठ्याबाहेर जमली होती. भीमराज सगळ्यांना सांगत होता की बाभळीत घुसली, काटा लागला. मॅडमनी डोळा पाहिला, मग दोघा नवराबायकोकडे पाहिलं. भाजल्याची जखम त्यांना कळत नसेल का? पण त्या लोकांसमोर काही बोलल्या नाहीत. औषध घातलं, सुया दिल्या, कितीतरी दिवस पुसदहून येत राहिल्या. शेवटी एकदा कांताबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, डोळा गेला. आता त्यातून पाणी येत राहील, जन्मभर." मग औषधाची बाटली मिटत म्हणाल्या, "चांगला डोळा होता हो." तेवढंच. ते ऐकून कांताबाई कडब्याच्या गंजीमागे जाऊन ढसाढसा रडली.

नयनची वरात लंगड्या हरणीवरून निघाली. आणि गावाने आपला निकाल लावून टाकला. रेशमाच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळतंय हे सगळ्यांना दिसत होतं. भोवरा होता तिथूनच ते ओघळत होतं. नळावर बाया म्हणायच्या, "पाह्य व, आसूढाळ म्हनते ते खोटं नाई. हिरासिंगनं सांगतलंच होतं." भीमराजची काट्याची गोष्ट या बोलण्याला सोयीचीच झाली. अपघात आपोआप झाला म्हटलं की भोवरा खरा ठरला. कांताबाई घागर भरायची आणि तोंड मिटून घरी यायची. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाते, न सांगावं तर त्या मुक्या जनावराच्या नावाने खोटं चालतं. रोज सकाळी ती कोमट पाण्यात फडकं भिजवून तो डोळा पुसायची. सुरुवातीला रेशमा तिला जवळही येऊ देत नव्हती. आंधळ्या बाजूने कोणी आलं की अंग चोरायची, आणि तोंडाला हात लागला की थरथरायची. पुसू द्यायला लागली तरी धरू तिने कधीच दिलं नाही.

अशी वर्ष-दीड वर्ष गेली. मग मॅडमचा फोन आला.

"काकू, परवा फुलसावंगीला शिबिर आहे घोड्यांचं. रेशमा वयात आली आहे, तिला आणाल का? आणि खरं सांगते, तिला बघितल्याशिवाय लोक घोड्या पुढे करणार नाहीत. गेल्या वेळी एकही आली नाही. आता पुन्हा तसंच झालं तर वरचे लोक म्हणतील, त्या भागात हे बंद करा."

भीमराजने ऐकलं आणि पाठ फिरवली. "एका डोयाची घोडी मिरवाची हाय का आता? काई गरज नाई."

कांताबाईने त्याच्याशी वाद घातला नाही. त्या दिवशी सकाळी तिने रेशमाचा डोळा पुसला, कासरा सैल धरला आणि दोघी निघाल्या. सोयाबीन निघालेली वावरं काळी पडली होती, कपाशी बोंडावर होती. रस्त्याने येणाऱ्या गाड्या डाव्या अंगाने जायच्या, तेव्हा रेशमा दचकायची. म्हणून कांताबाई सगळी वाट तिच्या डाव्या बाजूने चालली आणि बोलत राहिली, म्हणजे तिला कळावं की इथे कोणी आहे.

शिबिराला माणसं पुष्कळ होती आणि घोड्याही होत्या. सदाशिव दोन घोड्या घेऊन लिंबाखाली उभा होता, हिरासिंगही आपली तांबडी घोडी घेऊन आला होता. पण जनावरं धरायचा जो लोखंडी खोडा उभा केला होता तो रिकामाच होता. मॅडम टाकीशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. जो तो दुसऱ्याच्या घोडीची वाट बघत होता.

रेशमा आली तशी कुजबुज झाली. तिची उंची बघून माणसं आधी गप्प झाली. मग तिने मान वळवली, गळणारा डोळा दिसला, आणि कोणीतरी म्हणालं, "थेच ते. आसूढाळवाली."

कांताबाईने आयुष्यात वस्तीबाहेरच्या चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं.

"काटा नाई लागला हिले," ती म्हणाली. कुजबुज थांबली नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "आयका! काटा नाई लागला. आमी डागली हिले. तो भोवरा जावा म्हनून. मीनं तोंड धरलं होतं. ते माह्यावर इस्वास ठेवून उभी राह्यली, अन् सळई डोयात गेली. मॅडमच्या नळीचा दोष नाई, भोवऱ्याचा नाई. हे आमी केलं."

मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. मग सदाशिवने घसा खाकरला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"बाई, तू खरं बोल्ली, बरं केलं. पन इचार कर. तुमच्यासारख्या मानसाच्या हातून असं करोलं कोनं? भोवऱ्यानंच ना? रडनं लिहिलं होतं, त्यानं आपली वाट काढली."

माणसांनी माना हलवल्या. हो, बरोबर आहे. कांताबाईने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. स्वतःच्या अंगावरची सगळी कातडी काढून यांच्यापुढे ठेवली, तरी यांना तिच्यावर भोवराच दिसणार होता.

"चुलीत फुकनी मीनं मारली, सदाशिवभाऊ."

गर्दीच्या मागून आवाज आला. भीमराज होता. कोणाची तरी फटफटी मागून आला असावा, केसात धूळ होती. तो पुढे आला, पण रेशमापासून लांबच थांबला. तिने त्याचा आवाज ओळखला होता आणि तिचे कान मागे गेले होते.

"भोवरा नाई आला माह्या चुलीपाशी. सळई मीनं तापोली. काटा लागला म्हनून मीनंच सांगतलं, म्हनून तुमचा भोवरा खरा झाला. माह्या बापानं घोडी आनली तवा लोक म्हनत, या वस्तीतला नवरदेव घोडीवर बसला तं गावावर आफत येईन. आली का? त्याच बापाचा पोरगा हावो मी. अन् मी केसाले भेलो."

सदाशिवने आपल्या घोड्या सोडून हाती घेतल्या आणि तो रस्त्याला लागला. त्याच्यामागे आणखी दोघेतिघे निघाले. उरलेले गेले नाहीत आणि पुढेही आले नाहीत.

मॅडमनी हळूच विचारलं, "काकू, रेशमाला खोड्यात घेऊ या? पण तोंड कोण धरणार?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. हिरासिंग रेशमाकडे बघत होता. तो म्हणाला, "धरू नोको कांताबाई. नुसती समोर उभी राह्य. येईन तं येईन."

कांताबाईने कासरा सोडला. खोड्याच्या पलीकडे जाऊन, रेशमाच्या चांगल्या डोळ्याला दिसेल अशी उभी राहिली आणि दोन्ही हात उघडे करून दाखवले. "ये बाई," ती म्हणाली. त्या दुपारी म्हणाली होती तेच शब्द. दुसरे तिला येत नव्हते. रेशमा कितीतरी वेळ जागची हलली नाही. मग एक पाऊल टाकलं, थांबली, आणखी एक टाकलं. खोड्यात आली. मॅडम मागे कामाला लागल्या, तेव्हा तिचं सगळं अंग थरथरत होतं, पण तिने मान झटकली नाही. कांताबाईने हात मागे बांधून घेतले होते.

"भीमराजकाका," मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "बापाचा फोटो आहे मोबाईलमध्ये. दाखवू?"

भीमराजने मान हलवली. "नोको मॅडम. पयल्यांदा पाह्यला होता ना. मले पाहताच येत नव्हतं."

हिरासिंग लिंबाकडे गेला. त्याने आपली तांबडी घोडी सोडली आणि खोड्याकडे घेऊन आला. बाकीचे लोक आपापल्या घोड्यांचे कासरे धरून बघत राहिले. टाकीतून वाफ निघत होती.

रेशमा बाहेर आली आणि कांताबाईपाशी थांबली. तिच्या डोळ्यातलं पाणी कांताबाईच्या मनगटावर टपटपत होतं. फडकं कमरेला खोचलेलं होतं, पण लोकांसमोर तिने ते काढलं नाही. तिने कासरा उचलला, आंधळ्या बाजूला गेली आणि म्हणाली, "मी हावो इकडं. चाल."